मोठ्या मूळ संख्येचा ताळा

ऑक्टोबर २०२४ मध्ये एक नवी मूळ संख्या सापडल्याचे वृत्त जगभर प्रसिद्ध झाले. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून १ वजा केला असता जी संख्या उरते, ती ही संख्या होय. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. वृत्त देणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे या अंकांच्या गणतीवरच भर दिला. सेकंदाला एक अंक या वेगाने कोणी ती संख्या अहोरात्र वाचीत बसला, तर त्याला जवळजवळ पावणेपाचशे दिवस लागतील, असा हिशेब मांडणे सोपे असते आणि ऐकणाऱ्याच्या मनातही तो चटकन भरतो.

या कौतुकात वाईट काही नाही. परंतु ते अस्थानी आहे, असे म्हणणे भाग आहे. मूळ संख्यांना अंत नाही, ही गोष्ट युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेविली आहे. तेव्हा ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ असे काही नसतेच. असते ती त्या दिवसापर्यंत माणसाला ठाऊक झालेली सर्वांत मोठी. हा मान उसना आहे आणि आज ना उद्या तो दुसऱ्या संख्येकडे जावयाचाच. शिवाय नुसती प्रचंड संख्या लिहून दाखविण्यात पराक्रम तो कोणता? चार कोटी अंक कोणीही कागदावर मांडू शकेल. खरा नवलाचा भाग निराळाच आहे. एवढ्या अवाढव्य संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज एकही विभाजक नाही, हे कोणाला आणि कसे कळले? शाळेत गुणाकार करून आणणाऱ्या मुलास शिक्षक प्रथम विचारतात, ‘ताळा केलास का?’ मोठ्या मूळ संख्येविषयीही तोच प्रश्न पहिला असला पाहिजे. मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांत तो क्वचितच विचारला जातो.

जपानमध्ये २०१८ साली एक पुस्तक निघाले. त्यात ७१९ पाने भरून एकच संख्या छापली होती: २ चा ७,७२,३२,९१७ वा घात उणे १, म्हणजे २,३२,४९,४२५ अंकांची, त्या वेळी ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या. गंमत म्हणून हा ग्रंथ संग्रही ठेवण्यास हरकत नाही. पण त्यातील मधल्याच एखाद्या पानावर एक अंक चुकून बदलला गेला, तर वाचणाऱ्यास त्याचा पत्ता लागणार नाही. तो ग्रंथ काही सांगत नाही, केवळ दाखवितो; आणि दाखविलेल्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे वाचकाच्या हाती काही उरत नाही. गणितासारख्या विषयाची ओळख मुलांना अशा रीतीने व्हावी, हे इष्ट नव्हे.

याच्या उलट, पुढील संख्या पाहावी:

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२७

अवघ्या ३९ अंकांची ही संख्या एका ओळीत मावते. २ चा १२७ वा घात उणे १, असे तिचे संक्षिप्त रूप आहे. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे मांडीत गेल्याची कथा बहुतेकांना ठाऊक असते. पटाला ६४ ऐवजी १२७ घरे असती, तर शेवटी जमणाऱ्या दाण्यांची एकूण संख्या हीच भरली असती. १८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. तेही कोणत्याही यंत्रावाचून. पुढे तब्बल ७५ वर्षे तिच्याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती. चार कोटी अंकांच्या संख्येपेक्षा या ३९ अंकांच्या संख्येकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरविण्याचा शाळेत शिकविला जाणारा मार्ग सरळ आहे: तिच्या वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी तिला भागून पाहावयाचे. ९७ साठी हे क्षणाचे काम आहे. ल्यूकाच्या संख्येचे वर्गमूळ सुमारे १३ वर १८ शून्ये इतके आहे. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारे यंत्र कामाला लावले आणि केवळ विषम संख्यांनीच भागावयाचे ठरविले, तरी दोनशेहून अधिक वर्षे लागतील. ल्यूकापाशी यंत्र नव्हते व वर्षेही नव्हती. तो १८९१ मध्ये वयाच्या पन्नाशीपूर्वीच वारला. तेव्हा त्याने भागाकार केलेच नाहीत, हे उघड आहे. विभाजक न शोधता विभाजक नसल्याचे त्याने दाखविले. कसे, ते पाहण्यापूर्वी या प्रश्नाचा थोडा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

२ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना मेर्सेनचे नाव मिळाले आहे. मारँ मेर्सेन हा सतराव्या शतकातील फ्रेंच पाद्री. युरोपातील विद्वानांचा पत्रव्यवहार त्याच्यामार्फत चाले. घातांक संयुक्त असेल तर अशी संख्या कधीच मूळ नसते. उदाहरणार्थ, घातांक १५ घेतला तर ३२,७६७ ही संख्या येते आणि तिला ७ व ३१ या दोहोंनी भाग जातो. घातांक मूळ असला म्हणजे संख्याही मूळच येईल असे मात्र नाही. घातांक ११ घेतल्यास २,०४७ ही संख्या येते, आणि ती २३ × ८९ आहे. मेर्सेनने १६४४ साली एका ग्रंथात २५७ पर्यंतचे असे अकरा घातांक दिले, की ज्यांपासून मूळ संख्या मिळतात: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. याद्या करण्याची हौस समजण्यासारखी आहे; पण ताळा कोठे होता? एवढ्या मोठ्या संख्यांची परीक्षा करण्यास सर्व काळही पुरणार नाही, अशा आशयाचे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. यादीत चुका होत्या. ६७ आणि २५७ हे घातांक चुकीचे निघाले; ६१, ८९ आणि १०७ हे तीन राहून गेले होते. यादीचा पुरता निकाल लागण्यास १९४७ साल उजाडले. एका विद्वानाच्या शब्दावर तीन शतके विसंबून राहिल्यावर हे पाच दोष उघडकीस आले, ही गोष्ट कोणत्याही पाठ्यपुस्तकात अंकांच्या गणतीपेक्षा अधिक शोभेल.

१७७२ साली लेओनार्ड ऑयलरने ३१ या घातांकाचा निकाल लावला. २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे, असे त्याने दाखविले. तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे ४६,३४१ पर्यंत, हजारो मूळ संख्या आहेत. पण त्या साऱ्यांनी भागण्याची गरज त्याला पडली नाही. विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च राहिली पाहिजे, हे त्याने आधी सिद्ध केले. त्यामुळे हजारोंच्या गर्दीतून अगदी थोड्या संख्या तपासावयास उरल्या. अर्थात ही युक्ती श्रम कमी करते, टाळीत नाही. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ साली असे लिहिले, की या मूळ संख्येपासून तयार होणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असल्याने कोणी त्या शोधण्याच्या भरीस पडणार नाही. माणसाच्या कुतूहलाचा असा अंदाज करणे धोक्याचे असते.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घ्यावयास हवा. संख्या संयुक्त असल्याचा ताळा देणे सोपे असते. मूळ असल्याचा देणे अवघड. मेर्सेनच्या यादीतील ६७ या घातांकाची संख्या अशी:

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७

ही मूळ नाही, हे ल्यूकाने १८७६ मध्येच ओळखले होते. मात्र तिचा एकही अवयव त्याला ठाऊक नव्हता. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे अमेरिकन गणित मंडळाच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. कोल एक शब्दही न बोलता फळ्यापाशी गेले, त्यांनी एका बाजूस घात आणि दुसऱ्या बाजूस गुणाकार करून दाखविला व ते खाली बसले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. येथे बोलण्याची गरजच नव्हती. अवयव शोधण्यास कितीही श्रम पडलेले असोत, ते पटवून घेण्यास एक गुणाकार पुरतो, आणि तो गुणाकार सातवीतील विद्यार्थीही अर्ध्या तासात करील. परंतु ‘अवयव नाहीत’ हे सांगावयाचे असते, तेव्हा फळ्यावर मांडावयाचे काय?

सतराव्या शतकात फर्माने दिलेल्या एका नियमाने याचे अर्धे उत्तर मिळते. संख्या विषम व मूळ असेल, तर २ चा त्या संख्येहून एकाने कमी असा घात करून त्याला त्या संख्येने भागल्यास बाकी १ राहते. बाकी १ न राहिल्यास संख्या निश्चितपणे संयुक्त. पण बाकी १ राहिली म्हणजे संख्या मूळच, असे समजणे चूक आहे. ३४१ ही संख्या ११ × ३१ आहे. तरीही २ चा दहावा घात १,०२४, म्हणजे ३४१ ची तिप्पट अधिक १. म्हणून २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागल्यावर बाकी १ च राहते. अशी संख्या परीक्षेत उत्तीर्ण होते खरी, पण ती तोतया असते. मेर्सेनच्या घराण्यातील संख्यांबाबत तर २ या पायाची ही परीक्षा अगदीच निरुपयोगी आहे. घातांक मूळ असला की ती सगळ्यांनाच उत्तीर्ण करून टाकते, २,०४७ लाही.

ल्यूकाने दिली ती कसोटी याहून सर्वस्वी निराळ्या योग्यतेची होती. पुढे १९३० साली डेरिक लेमर या अमेरिकन गणितज्ञाने तिला सुटसुटीत रूप दिले. तेच आज प्रचारात आहे. ४ ही संख्या घ्यावी. तिचा वर्ग करून त्यातून २ वजा करावेत. जे येईल त्याला परीक्ष्य संख्येने भागून बाकी ठेवावी. त्या बाकीवर पुन्हा हीच क्रिया करावी. घातांकाहून दोनाने कमी इतक्या वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ; न आली तर संयुक्त. तिसरा पर्याय नाही आणि तोतयांना वाव नाही.

घातांक ७ घेऊन १२७ ची परीक्षा करून पाहावी. ४ पासून प्रथम १४ येतात. १४ चा वर्ग १९६, उणे २ म्हणजे १९४. १२७ ने भागल्यास बाकी ६७. ६७ पासून ४,४८७ आणि बाकी ४२. ४२ पासून १,७६२ आणि बाकी १११. १११ पासून १२,३१९. आणि ही संख्या बरोबर १२७ × ९७ आहे. पाचव्या क्रियेला बाकी शून्य, म्हणून १२७ मूळ. आता घातांक ११ घेऊन २,०४७ ची परीक्षा केली, तर क्रमाने १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १,८७७, २४०, २८२ आणि शेवटी १,७३६ येतात. नवव्या क्रियेला शून्य आले नाही, म्हणून संख्या संयुक्त. आणि हे कळण्यासाठी २३ अथवा ८९ यांचे नावही घ्यावे लागले नाही. ल्यूकाच्या मोठ्या संख्येस अशा १२५ क्रिया पुरतात. दोनशे वर्षांचे काम १२५ पायऱ्यांवर आले.

यातील ४, १४, १९४ ही श्रेढी आकाशातून पडलेली नाही. तिचे निम्मे केल्यास २, ७, ९७ या संख्या मिळतात. आता २ चा वर्ग हा १ च्या वर्गाच्या तिपटीहून एकाने अधिक आहे. ७ चा वर्ग ४ च्या वर्गाच्या तिपटीहून एकाने अधिक आहे. ९७ चा वर्ग ५६ च्या वर्गाच्या तिपटीहून एकाने अधिक आहे. भारतीय गणिताच्या अभ्यासकास ही ओळख पटेल. हे वर्गप्रकृतीचे समीकरण होय, आणि एका उत्तरापासून पुढचे उत्तर काढण्याची रीत ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ‘भावना’ या नावाने दिली आहे. (याचा अर्थ ब्रह्मगुप्तास मूळ संख्यांची ही कसोटी अवगत होती, असा कोणी काढू नये. तसे म्हणणे त्याच्या खऱ्या कर्तृत्वावर अन्याय करणारे ठरेल. त्याने एका प्रयोजनासाठी घडविलेले साधन बारा शतकांनंतर दुसऱ्या प्रयोजनास उपयोगी पडावे, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.)

दुसरी एक सोय या संख्यांच्या घडणीतच आहे. नवांचा ताळा करताना संख्येतील अंकांची नुसती बेरीज केली की काम भागते, कारण १० ला ९ ने भागल्यास बाकी १ राहते. त्याच न्यायाने २ च्या १२७ व्या घाताला ल्यूकाच्या संख्येने भागल्यास बाकी १ राहते. म्हणून संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ या अंकांनी, लिहिली असता भागाकार करावाच लागत नाही. लांबलचक गुणाकाराचे १२७ अंकांवर तुकडे पाडून ते एकमेकांत मिळवले की बाकी हाती येते. ल्यूकाने आपले हिशेब याच रीतीने, बुद्धिबळाच्या पटासारख्या १२७ × १२७ घरांच्या पटावर सोंगट्या मांडाव्यात तसे करण्याची योजना सांगितली होती. सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्या बहुधा मेर्सेनच्याच घराण्यात का सापडतात, याचे उत्तर येथे आहे. मोठ्या मूळ संख्या अन्यत्रही विपुल आहेत. पण त्यांचा ताळा इतका स्वस्त नाही.

१९५१ साली ल्यूकाच्या संख्येचा मान गेला. फेरिए यांनी टेबलावरील हिशेबाच्या यंत्राच्या साहाय्याने ४४ अंकांची मूळ संख्या सिद्ध केली, आणि त्याच वर्षी केंब्रिज येथील ‘एड्सॅक’ या विद्युत्गणकावर मिलर व व्हीलर यांनी ७९ अंकांची. या दुसऱ्या संख्येची घडण लक्षणीय आहे: ल्यूकाच्या संख्येचा वर्ग, गुणिले १८०, अधिक १. जुन्या सिद्ध संख्येच्या खांद्यावर नवी उभी राहिली. ३० जानेवारी १९५२ रोजी रॅफेल रॉबिन्सन यांच्या आज्ञावलीने ‘स्वॅक’ या गणकावर घातांक ५२१ आणि ६०७ यांच्या संख्या मूळ ठरल्या. त्यानंतर हा प्रांत यंत्रांचाच झाला.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. ज्या ताळ्याचे येथे एवढे माहात्म्य सांगितले, तो २०२४ च्या संख्येबाबत कोणी केला? तिला १३ कोटींहून अधिक क्रिया लागतात आणि प्रत्येक क्रियेत चार कोटी अंकांच्या संख्येचा वर्ग करावयाचा असतो. कोणताही माणूस हे पाहू शकत नाही. मग यंत्राच्या शब्दावर विसंबणे आणि मेर्सेनच्या शब्दावर विसंबणे यांत फरक काय? यंत्रे चुकतात, हेही खरेच. १९९४ साली टॉमस नाइसली हे अमेरिकन गणितज्ञ जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत असताना उत्तरे जुळेनात. शोध घेता पेंटियम या प्रक्रियकाच्या भागाकारातच दोष निघाला. अर्थात तो दोष सापडला तो ताळा घेण्याच्या याच सवयीमुळे.

फरक आहे तो असा. मेर्सेनने आपली रीत सांगितली नव्हती. आज ती सर्वांसमोर असते आणि कोणीही पुन्हा करून पाहू शकतो. १९९६ पासून हजारो हौशी लोकांचे गणक जोडून मेर्सेनच्या मूळ संख्यांचा शोध चालू आहे. या शोधात सहभागी झालेले ल्यूक ड्युरंट यांनी २०२४ ची संख्या शोधली. ११ ऑक्टोबर रोजी डब्लिनमधील एका यंत्राने ती बहुधा मूळ असल्याचे, म्हणजे फर्माच्या धर्तीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे कळविले. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथील यंत्राने ल्यूका–लेमर कसोटीने ती पक्की केली. त्यानंतर निरनिराळ्या यंत्रांवर, निरनिराळ्या आज्ञावलींनी तीच कसोटी पुन्हा घेतल्यावर मगच वृत्त जाहीर करण्यात आले. ‘बहुधा’ आणि ‘निश्चित’ यांतील अंतर या मंडळींनी किती काटेकोरपणे पाळले, हे त्या वृत्तातील सर्वांत शिकण्याजोगे कलम होते. वृत्तपत्रांत त्यालाच सर्वांत कमी जागा मिळाली.

उपयोगाचा प्रश्नही नेहमी विचारला जातो. गुप्त संदेशांच्या शास्त्राला मोठ्या मूळ संख्या लागतात, असे उत्तर त्यावर सरसकट दिले जाते. ते अर्धवट आहे. त्या कामी लागणाऱ्या मूळ संख्या साधारणपणे तीनशे अंकांच्या आसपास असतात आणि त्यांचे सारे महत्त्व त्या कोणास ठाऊक नसण्यात असते. ज्या संख्येचे वृत्त जगभर छापून आले, तिच्या आड गुपित कसे लपणार? चार कोटी अंकांची संख्या त्या दृष्टीने निरुपयोगी आहे, हे स्पष्टपणे सांगण्यात कमीपणा नाही. उपयोग आहे तो कसोट्यांचा. संख्या मूळ आहे की नाही हे लवकर ठरविता येते, पण संयुक्त संख्येचे अवयव लवकर काढता येत नाहीत. ल्यूका आणि कोल यांच्यामधील २७ वर्षांत दिसलेली हीच तफावत १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्तलेखनाच्या पद्धतीचा पाया म्हणून वापरली.

ल्यूकाची कसोटी मेर्सेनच्या संख्यांपुरतीच आहे. कोणत्याही संख्येस लागू पडेल, कधीही फसणार नाही आणि अंकांच्या प्रमाणात माफक वेळातच उत्तर देईल, अशी कसोटी आहे काय, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णीत होता. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तो सोडविला. २००४ मध्ये त्यांचा निबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये त्यांना गोडेल पारितोषिक मिळाले. या कसोटीने एकही विक्रमी मूळ संख्या शोधलेली नाही. प्रत्यक्ष व्यवहारात तिच्याहून जलद रीती उपलब्ध आहेत. अंकांची गणती हेच ज्यांचे माप, त्यांच्या लेखी कानपूरच्या शोधाची किंमत शून्य ठरेल. गणितज्ञांनी मात्र ती तशी ठरविली नाही.

म्हणून शालेय पुस्तकांत आणि वाचनालयांच्या भित्तिपत्रकांत मोठ्या मूळ संख्येचा उल्लेख करावयाचा झाल्यास, तिच्या अंकांच्या जागी १२७ च्या परीक्षेच्या पाच ओळी छापाव्यात. त्यांना फळा, खडू आणि पाऊण तासाचा एक तास पुरतो. उत्साही वर्गाने पुढे ८,१९१ ही संख्या घ्यावी. तिचा घातांक १३ असल्याने अकरा क्रिया लागतील, आणि वाटेत एखाद्या ओळीत चूक झाली तर शेवटी शून्य येणार नाही. चूक नेमकी कोठे झाली हे शोधण्यात जो वेळ जाईल, तो वाया गेला असे समजू नये.

ज्यांना याहून पुढे जावयाचे असेल, त्यांच्यासाठी ल्यूकाच्याच काळातील एक प्रश्न अद्याप शिल्लक आहे. २ हा घातांक घेतला की ३ मिळतात; ३ घेतला की ७; ७ घेतला की १२७; आणि १२७ घेतला की ल्यूकाची ३९ अंकांची संख्या. पाचही संख्या मूळ आहेत. १८७६ मध्ये कातालाँ या गणितज्ञाने या साखळीकडे लक्ष वेधले. तिचा पुढील दुवा, म्हणजे ल्यूकाची संख्याच घातांक धरून येणारी संख्या, मूळ आहे काय? तिच्यात सुमारे ५१ वर ३६ शून्ये इतके अंक असतील. त्यामुळे ती लिहिता येत नाही, आणि कसोटीच्या क्रियाही ल्यूकाच्या संख्येइतक्याच, केवळ दोनाने कमी, कराव्या लागतील. उरतो तो जुना मार्ग, विभाजक शोधण्याचा. असा विभाजक असलाच, तर ल्यूकाच्या संख्येच्या दुपटीने त्याला भागल्यावर बाकी १ राहिली पाहिजे, एवढे निश्चित ठाऊक आहे. म्हणजे तो निदान ३९ अंकांचा तरी असणार. या अटीत बसणाऱ्या संख्या क्रमाने तपासण्याचे काम गणकांवर झाले आहे. अद्याप एकही विभाजक सापडलेला नाही.